अक्कांची सकाळची गोळी

बोलता बोलता अक्का एकदम थांबायच्या, उजवा हात वर करायच्या आणि दाराकडे बघून म्हणायच्या, "गेलं!" जणू त्यांचं वाक्य चपला घालून बाहेर पडलंय आणि त्यांना त्याची पाठ दिसतेय. मग आम्ही सगळे दाराकडे बघायचो. दारात कुणी नसायचं. तोवर अक्का दुसऱ्याच विषयावर पोचलेल्या असायच्या.

कर्नाटकातल्या भालकीहून खटकचिंचोळीकडे जाताना एका गावात आमची मराठी माध्यमाची शाळा आहे. मी तिथं मराठी शिकवते, अक्का गणित शिकवायच्या. त्यांचं माहेर आळंद तालुक्यातलं निंबर्गा, सासर भालकी. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. हेडसरांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणायचे.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच, ज्याच्या विसरण्यावर आख्ख्या ऑफिसची करमणूक चालते. आमच्याकडे ते काम अक्कांकडे होतं. एकदा त्यांनी हेल्मेट न काढता पूर्ण तास घेतला. छत पडायला आलंय अशी पोरांची समजूत झाली आणि मागच्या बाकावरच्यांनी दप्तरं डोक्यावर घेतली. एकदा दहावीचा धडा आठवीला शिकवला. आठवीला तो कळला. दहावीला पुढं कळला नाही, कारण तोवर अक्कांचा त्यातला रस संपला होता. एकदा डबा उघडला तर आत भाकरी नव्हती, मळलेल्या पिठाचा गोळा होता. त्या दिवशी स्टाफरूम इतकी हसली की हेडसर चौकशीला आले आणि तेही हसले.

सगळ्यांत मोठ्यानं अक्काच हसायच्या. पण एका संध्याकाळी मी स्टँडवर बसची वाट बघत असताना त्या गाडी थांबवून म्हणाल्या, "बाई, मी काल लेकीला शाळेतनं आणायचं विसरले. दिवस मावळंपर्यंत पायरीवर बसून होती पोरगी. रडली पण न्हाई. घरी आल्यावर म्हणती, इथून पुढं मी पप्पांनाच सांगत जाईन, तू विसरतीस." हे सांगताना त्या हसल्या नाहीत.

त्याच वर्षी तालुक्याला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. हजेरी सक्तीची, म्हणून हजेरी झकास. पी. टी. सर तर उपमा चांगला असतो एवढ्यासाठीच यायचे. कलबुर्गीहून एक मानसोपचाराच्या डॉक्टरबाई आल्या होत्या. वर्गात एका जागी न बसणारी मुलं, अर्धवट वह्या, हरवलेल्या पेन्सिली, ऐकता ऐकता सुटणारं लक्ष, आवडीच्या कामात मात्र तहानभूक विसरणं, असं त्या सांगत होत्या. या त्रासाला एडीएचडी म्हणतात, त्यात मुलाचा आळस नसतो, मेंदूची ठेवणच जरा वेगळी असते, असंही त्या म्हणाल्या. आम्ही आपापल्या वर्गातली पोरं आठवायला हवी होती. आम्ही सगळे अक्कांकडे बघत होतो.

शेवटी अक्कांनीच हात वर केला. "डॉक्टर, पोरांचं राहू द्या. हे समदं मलाच हाय."

सभागृह खदाखदा हसलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "मोठ्या माणसांतही असतं," त्या म्हणाल्या. "एकदा कलबुर्गीला या."

अक्कांचे यजमान बी-बियाणांचे व्यापारी. ते संग यायला तयार होईनात. "दुकान हाय," म्हणाले, आणि जरा थांबून, "आन लोक काय म्हणतील?" त्यांच्या दुकानात दिवसभर लोकच बसलेले असायचे, त्यामुळे ही भीती अगदीच खोटी नव्हती. म्हणून मी गेले. हुमनाबादला बस बदलली. कमलापूरला बस थांबली तशी अक्का तांबडी केळी घ्यायला उतरल्या आणि केळीवालीशी तिच्या सुनेबद्दल बोलत बसल्या. कंडक्टर शिट्टी मारून दमला. मी खिडकीतून हाका मारल्या तेव्हा कुठं धावत आल्या. केळी तिथंच राहिली.

दवाखान्यात निंबर्ग्याहून त्यांची आई आली होती. लहानपणापासून कसं होतं ते जवळच्या माणसाकडून कळायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हातारीनं पदर सावरला आणि म्हणाली, "खांबाला बांधून जेवू घालायची मी हिला. सोडलं की दोन घास खाऊन शेजारच्याच्या गच्चीवर. मास्तर म्हणायचे, डोस्कं हुशार हाय पण ध्यान न्हाई. मग मी मारायची. ध्यान यावं म्हणून." असं म्हणून ती लेकीच्या हाताकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी एका भेटीत शिक्का मारला नाही. बरंच विचारलं, थायरॉइड तपासलं, झोपेची चौकशी केली, घराण्यात कुणाला हृदयविकार आहे का विचारलं, बीपी, वजन, ईसीजी सगळं केलं. पुढच्या खेपेला निदान सांगितलं आणि उत्तेजक गटातली एक गोळी लिहून दिली, अगदी लहान मात्रेची.

त्या दुसऱ्या खेपेला यजमान आले होते. ते ताडकन म्हणाले, "उत्तेजक? मॅडम, ही अगोदरच वारं प्यालेली हाय. वरून उत्तेजक?"

डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. "मेंदूचा लगाम धरणारा भाग यांच्याकडे पेंगत असतो. गोळी त्याला जागं करते. मग घोडं आपोआप चालीवर येतं." नंतर त्यांनी अक्कांना बजावलं. सकाळी पोटभर खाऊन घ्यायची, दुपारनंतर घ्यायची नाही, नाहीतर झोप उडेल. भूक कमी होईल, तिकडे लक्ष ठेवा. छातीत धडधडलं तर लगेच कळवा. आपल्या मनानं मात्रा वाढवायची नाही आणि कुणालाही द्यायची नाही. "आणि गोळी तुम्हाला फक्त खुर्चीवर बसवेल," त्या म्हणाल्या. "पुस्तक तुम्हालाच उघडावं लागेल."

भालकीच्या औषध दुकानदारानं ती चिठ्ठी हातात घेतली आणि विंचू धरल्यासारखी परत दिली. एरवी तापाला, खोकल्याला, जुलाबाला हा गृहस्थ स्वतःच डॉक्टर होऊन गोळ्या कापून द्यायचा. पण ही गोळी खास चिठ्ठीवरच मिळते आणि ती ठेवायला वेगळा परवाना लागतो, म्हटल्यावर त्याला कायदा आठवला. गोळी कलबुर्गीलाच मिळाली.

पहिल्या दिवशी अक्का शाळेत आल्या, तास घेतला आणि स्टाफरूममध्ये येऊन माझ्याशेजारी गुपचूप बसल्या. मी विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई गं. रोज डोक्यात आख्खा वर्ग एकदम 'टीचर, टीचर' करून ओरडायचा. आज पहिल्यांदा एकेकानं हात वर केला." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग लोकांचं असंच असतंय व्हय रोज? आन मला वाटायचं, मीच आळशी."

गोळीची बातमी स्टाफरूमला लागायला उशीर झाला नाही. आमच्या स्टाफरूममध्ये डॉक्टर न झाल्याचं दुःख प्रत्येकालाच आहे. हिंदीच्या सरांनी तळहातावर तंबाखूला चुना लावत, अंगठ्यानं छान मळत सांगितलं, "अक्का, असल्या गोळ्यांची सवय लागते बघा." चिमूट दाढेखाली गेल्यावर पुढचा उपदेश खुणेनंच झाला. पी. टी. सर म्हणाले, "क्या अक्का, ग्राउंड के दो चक्कर मारो, सब ठीक होता." कुणी ब्राह्मीचं तेल सुचवलं, कुणी दर्ग्यातला दोरा. हेडसरांची बीपीची गोळी म्हणजे रोजचा सोहळा. मधल्या सुटीत शिपाई पाणी आणायचा, हेडसर गोळी उजेडात धरायचे आणि सगळ्यांनी पाहिल्याची खात्री करून गिळायचे. ती गिळून झाल्यावर ते म्हणाले, "आमच्या काळी असलं काही नव्हतं. मनावर घेतलं की झालं."

"सर, मग बीपी पण मनावर घ्या की," अक्का म्हणाल्या. हेडसरांना ठसका लागला.

अक्का सुरुवातीपासून शहाण्यासारख्या वागल्या असं मात्र समजू नका. दहावीच्या जादा तासांचे दिवस होते. एका गोळीनं एवढं काम होतं तर दोन गोळ्यांनी दुप्पट होईल, असं गणिताच्या बाईंना वाटलं. एका दुपारी त्यांनी दुसरी घेतली. त्या दिवशी त्यांनी सगळे पेपर तपासले, स्टाफरूमचं कपाट लावलं, खडू रंगांप्रमाणे वेगळे केले आणि नकाशांच्या गुंडाळ्यांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. डबा उघडलाच नाही. शाळा सुटायच्या वेळेला बघते तर हात कापतायत, ओठ कोरडे, छाती धडधडतेय.

मी डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी आधी जवळच्या दवाखान्यात जाऊन बीपी बघायला लावलं, आणि ते बरं निघाल्यावर असं झापलं की फोन कानाला न लावताही मला ऐकू येत होतं. त्या दिवसापासून अक्कांनी गोळ्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवल्या. आठवड्यात किल्ली हरवली. मग यजमानांनी कुलूप फोडलं, नवं आणलं आणि त्याची किल्ली दुकानाच्या जुडग्यात अडकवली. रोज सकाळी न्याहारी झाली की ते स्वतः गोळी काढून द्यायला लागले. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य त्यांच्या तोंडून नंतर मी ऐकलं नाही.

नुसती गोळीच नव्हती. मोबाइलमध्ये गजर, हेल्मेटसाठी दाराला खिळा, आणि मोठं काम आलं की त्याचे बारके तुकडे. चहा कमी केला. ज्वारीची भाकरी आणि झुणका पोटात गेल्याशिवाय गोळीला हात नाही. हळूहळू घरातलंही बदललं. एके दिवशी त्या शाळेत आल्या त्या दहावीचा निकाल लागल्यासारख्या. "बाई, लेकीनं काल मला सांगितलं, उद्या पालकसभा हाय म्हणून. पप्पा तिथंच बसलेले. तरी मला सांगितलं."

आता हेडसरांकडे येऊ. त्यांचा मुलगा बिदरला वसतिगृहात राहून नीटची तयारी करत होता. आमच्या भागात पोरगं बारावीला गेलं की आईबापांनी डॉक्टरचं नातं लावून टाकलेलंच असतं, परीक्षा तेवढी उरलेली असते. हा एकदा नापास झाला होता, पुन्हा बसणार होता. एका दुपारी हेडसर पेढ्यांचा पुडा घेऊन अक्कांसमोर बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "अक्का, तुमच्या त्या गोळ्यांचं एक पाकीट द्या की. पोराचं लक्षच लागंना."

मनावर घेण्याचा उपाय पोराच्या बाबतीत संपला होता, असं दिसलं.

"सर, पोराला घेऊन कलबुर्गीला चला. मी संग येते. डॉक्टर तपासतील, लागली तर देतील."

"तपासायला वेळ कुठं हाय? परीक्षा तोंडावर आली."

"मग न्हाई. ही काय खोबऱ्याची वडी हाय का वाटायला?"

हेडसर पेढे तसेच ठेवून उठले. पुढच्या आठवड्यात अक्कांना संस्थेच्या समितीपुढं बोलावणं आलं. तक्रार अशी की शिक्षिका नशेच्या गोळ्या घेऊन वर्गावर जातात. साक्षीला म्हणून अक्कांनी मला संग नेलं. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पा तक्क्याला टेकून बसले होते.

"अक्का, ही कसली गोळी म्हणायलेत?"

"डॉक्टरनं दिलेली, अप्पा. ही चिठ्ठी. फोन लावून देते, विचारा."

"पण नशा..." हेडसर म्हणाले.

"नशेत माणूस गणित विसरतंय, सर. मला आत्ता कुठं आठवायलंय."

अप्पा विचारात पडले. चिठ्ठी उलटी-सुलटी करून म्हणाले, "म्हणजे ही घेतली की अभ्यास होतंय?"

"मला ते दुखणं हाय, म्हणून होतंय."

"न्हाई, आमचा नातू पण बिदरला नीटच्या क्लासला हाय..."

हेडसरांनी अप्पांकडे बघितलं, अप्पांनी हेडसरांकडे. चौकशी कुणाची चाललीय हे क्षणभर कुणालाच कळेना. अक्कांनी दोघांना हात जोडले. "अप्पा, तुम्हाला बीपी न्हाई. हेडसरांची गोळी तुम्ही खाल्लात तर हेडसर व्हाल का? चक्कर येऊन पडाल. हे पण तसंच हाय."

समितीनं गोळीबाबतचा निर्णय राखून ठेवला आणि दहावीचं गणित मात्र काढून पी. टी. सरांकडे दिलं. अक्कांची ती आवडती इयत्ता. पी. टी. सरांनी पहिल्याच तासाला वर्ग मैदानावर नेला आणि पोरांना काटकोनात उभं केलं.

नीटच्या परीक्षेच्या आधी एका सकाळी, प्रार्थना संपताच हेडसरांचा फोन वाजला. ते ऐकत उभे राहिले आणि खाली बसले, पायरीवरच. मुलगा बिदरच्या वसतिगृहात कोसळला होता. खोलीतल्या कुणाकडून तरी तीच गोळी मिळवून मनाला येईल तशी खात होता. झोपला नव्हता, जेवला नव्हता, वरून डब्यातली एनर्जीची पेयं. एरवी डॉक्टर असलेली आमची अख्खी स्टाफरूम तेव्हा भिंतीला टेकून गप्प उभी होती.

अक्का पुढं झाल्या. "सर, उठा. वॉर्डनला सांगा, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. आन काय खाल्लं, किती खाल्लं ते डॉक्टरला खरं सांगायचं. बदनामीला भिऊन झाकलात तर पोरगं जाईल."

"अक्का, तुम्ही येता का?" हेडसरांचा आवाज ओळखू येईना.

अक्का गेल्या. वाटेत हेडसर वॉर्डनला फोनवर 'साधी ॲसिडिटी असंल' असं सांगायला लागले तेव्हा त्यांनी फोन काढून घेतला, असं मला नंतर कळलं. मुलाच्या छातीचे ठोके ताब्यात यायला वेळ लागला, पण आले. शुद्धीवर येऊन बोलायला लागला तेव्हा बापाला बघून त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. अक्का खुर्ची ओढून तिकडच्या बाजूला जाऊन बसल्या. बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, "अक्का, मला झोपू द्या म्हणावं सगळ्यांना."

पुढं कलबुर्गीच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. एडीएचडी वगैरे काही नव्हतं. झोप नव्हती, भीती होती, आणि डॉक्टर व्हायची इच्छा नव्हती. आता तो भालकीतच बी. कॉम. करतोय. हेडसर लोकांना सांगतात, सी. ए.ची तयारी करायलाय.

हेडसरांनी माफी मागितली नाही. एका सकाळी प्रार्थनेनंतर ते मुलांना म्हणाले, "कोणतंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, असं मी पहिल्यापासून सांगत आलो आहे." दहावीचं गणित अक्कांकडे परत आलं, 'पी. टी. सरांच्या विनंतीवरून'. पण मधल्या सुटीत, स्वतःची गोळी घ्यायच्या आधी, ते दारातून डोकावून विचारायला लागले, "अक्का, जेवलात का?" गोळीनं अक्कांची दुपारची भूक मरायची हे त्यांनी कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे. अक्का जेवल्या नसल्या तर ते तिथंच उभे राहायचे.

डॉक्टरांच्या संमतीनं अक्का रविवारी गोळी घ्यायच्या नाहीत. रविवारी त्यांच्या घरी गेलं की चहाला ठेवलेलं आधण आटून जायचं, एका गोष्टीतून दुसरी निघायची, आणि आम्ही हसून हसून दमायचो. एकदा मी म्हटलं, "अक्का, खरं सांगू? मला तुम्ही रविवारीच जास्त आवडता."

"तुला आवडते गं," त्या म्हणाल्या. "तुला माझ्या संग दोन तास काढायचे असतेत. मला जन्म काढायचा हाय." आणि आटलेलं भांडं घासायला घेतलं.

मागच्या वर्षी निंबर्ग्याला त्यांची आई पडली. खुबा मोडला. सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून अक्कांनी आळंदकडच्या एका शाळेत नोकरी घेतली. निरोपाच्या समारंभात हेडसरांनी भाषण लिहून आणलं होतं, ते वाचलंच नाही. "अक्का चांगल्या होत्या," एवढंच म्हणाले, आणि जणू त्या वारल्याच असं वाटून आम्ही सगळे गोंधळलो. अक्का खळखळून हसल्या.

जाण्याआधी थोडे दिवस त्यांनी दहावीच्या वर्गात एक सोय केली होती. मागच्या भिंतीतल्या खिडकीचा कट्टा रुंद आहे. बसवत नसेल त्यानं परवानगी न विचारता तिथं उभं राहून गणितं सोडवायची. त्या गेल्यावर हेडसरांनी वर्ग सजावटीसाठी त्या कट्ट्यावर कुंड्या मांडल्या. दुसऱ्या दिवशी कुंड्या खाली, भिंतीशी ओळीनं ठेवलेल्या होत्या. हेडसरांनी बघितलं आणि शिपायाला म्हणाले, "राहू दे. तिथंच पाणी घालत जा."

परवा मी त्या वर्गावरून जात होते. नवे गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. कट्ट्याशी एक मुलगी उभी होती, एका पायावर, दुसऱ्या पायानं पोटरी खाजवत. वही कट्ट्यावर, वेणीचं टोक दातात. मान खाली घालून ती भराभर लिहीत होती. मग थांबली, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि खिडकीबाहेर बघून एकटीच हसली.